नाळ कापणारे हात

संपादक मित्रानं सांगितलं, यंदा इतिहासावर लिही. मी सूतगिरणीत साईडर आहे. तिसरी पाळी करतो. शाळेत दहावीपर्यंत शिकलो तेवढाच इतिहास, बाकीचा स्वतः हुडकून वाचला. त्याला वाटलं असेल मी भीमा कोरेगाव लिहीन, महाड लिहीन, नाहीतर येवला. ते लिहिणारे पुष्कळ आहेत, माझ्यापेक्षा बरे. मी बाळंतपणावर लिहितोय. हसू नका.

आपल्या बैठकीत पाणी निघतं, जमीन निघते, शिष्यवृत्ती निघते, अट्रॉसिटीची केस निघते. वस्तीतली कोण पोटुशी आहे, तिच्या अंगात रक्त किती आहे, मागचं मूल तिचं कितव्या दिवशी गेलं, हा विषय मी आजपर्यंत एकाही बैठकीत ऐकलेला नाही. तो बायकांचा विषय. म्हणजे आपण पुरुष काय समजतो, आपण आभाळातून पडलो?

मी पडलो कोपीत. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या फडाजवळ उभारतात ते पाचटाचं खोपट. १९९९ चा गाळप हंगाम. पहाटे तीनची वेळ, थंडी म्हणजे हाडात शिरणारी. आई मोळी बांधता बांधता खाली बसली ती उठलीच नाही. दवाखाना कुठं तर तालुक्याला, आणि टोळी परक्या मुलखातली, वाट कुणाला ठाऊक? म्हातारी आजी पोरं सांभाळायला टोळीबरोबर आलेली होती. तिनं आईला कोपीत ओढलं, चूल पेटवली, हाताला राख चोळून कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि बापाच्या कोयत्याचं पातं विस्तवात लाल करून गार होऊ दिलं. त्या पात्यानं माझी नाळ कापली. मुकादमानं त्या दिवसाचा खाडा धरला. जन्माला आलो आणि पहिल्याच दिवशी बापाच्या अंगावर दंड बसवला. आमचं दारिद्र्य पाचवीला पुजलेलं नव्हतं, त्याच्या चार दिवस आधीच हजर होतं.

हे मी माझं म्हणून सांगत नाही. यात एक जुनी गोष्ट आहे.

१८५५ साली मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर, चौदा वर्षांच्या आसपास वय, जोतिबांच्या शाळेत शिकलेली, तिनं मांग-महारांच्या दुःखावर एक निबंध लिहिला. तो त्या सालच्या फेब्रुवारी-मार्चच्या 'ज्ञानोदया'त छापून आला. आपण सगळे त्या निबंधाचं नाव घेतो. पेशवाईत आपल्या माणसांचे काय हाल होते, धर्माचं पुस्तक कुणाचं, हे तिनं विचारलं ते आपण भाषणात सांगतो. पण त्याच निबंधात ती बाळंतिणींवर बोलते, तिथं आपले वक्ते पान उलटतात. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यापावसात त्यांचं काय होत असेल, हे ज्यानं त्यानं आपल्यावरून ओळखावं, असं तिचं म्हणणं. आणि पुढं ती आणखी एक विचारते की अशा वेळी बाईला रोग झाला तर औषधाला पैसा कुठला, आणि फुकट औषध देणारा वैद्य तरी कोण?

चौदा वर्षांची पोर. तिला त्या वयात कळलं की अस्पृश्यता विहिरीवर असते तशी बाजेवरही असते. तिच्यानंतर एकशे चव्वेचाळीस वर्षांनी मी पाचटाखाली जन्मलो. छप्पर होतं म्हणायचं तर होतं. आतून चांदण्या दिसायच्या, असं आजी सांगायची.

आजीला हे सगळं शिकवलं तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या पणजीनं. पणजी गावची दाई. आता दाई म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण ही आपल्या गुलामीतली सगळ्यात विचित्र कोठडी आहे. पुष्कळ गावांत सुईणपण महारा-मांगांच्या बायकांकडं असायचं. सवर्णाच्या घरात जिची सावली चालत नाही, तिला अडलेल्या सुनेसाठी मध्यरात्री कंदील घेऊन बोलवायला यायचे. घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत न्यायचे. तिनं कळा सोसणारीला धरायचं, मूल ओढायचं, नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. बाळंतिणीचा विटाळ असतो ना, मग विटाळाचं काम विटाळलेल्यांनीच करायचं, असा तो सरळ हिशोब. बाराव्या दिवशी घर सारवलं की ही पुन्हा उंबऱ्याच्या बाहेर. वरून टाकलेलं सुपातलं धान्य पदरात झेलायचं, फार झालं तर चोळीचा खण. त्या घराला पहिला हात लावला तो आपल्या बाईनं, आणि त्याच हाताचं पाणी पुढं जन्मभर चालणार नाही.

१९५६ नंतर आमच्या वस्तीनं गावकी सोडली. मेलेली ढोरं ओढणं बंद, सांगावे नेणं बंद. मग चावडीपुढं प्रश्न निघाला की दाईचं काम गावकीत धरायचं की नाही? तरुण म्हणाले धरायचं, बंद करा, मरू द्या त्यांच्या बायका. पणजी म्हणाली, ढोर मेलेलं असतं, बाई जिती असते, मी जाणार. पण तिनं दोन अटी घातल्या. पुढच्या दारानं आत जाणार आणि पैसे हातात घेणार, सुपातलं नाही. काही घरांनी मान्य केलं, काहींनी नाही केलं. ज्यांनी नाही केलं त्यांच्यातल्या एका घरची सून अडून मेली असं आजी सांगायची. पणजी त्या रात्री झोपली नाही. कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

आता जरा लांब जातो, व्हिएन्नाला. कुणी म्हणेल, याला गिरणीत झोप येत नाही म्हणून कुठंही जातो. पण ही गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि डॉक्टरकी शिकणारी पोरं, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभरातल्या दहाएक बायका बाळंतज्वरानं मरत, सुईणींच्या विभागात चारेक. बायका हातापाया पडायच्या, आम्हाला पहिल्या विभागात टाकू नका. काही तर त्यापेक्षा रस्त्यात बाळंत व्हायच्या. सेमेलवाइस नावाचा हंगेरीचा एक तरुण डॉक्टर डोकं खाजवत बसला की फरक कशाचा? १८४७ साली त्याला उलगडलं. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मुडदे चिरायचे आणि तेच हात घेऊन बाळंतिणीकडं यायचे. सुईणी मुडदे चिरत नव्हत्या. त्यानं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जूनमध्ये दोन उरल्या.

आणि मग काय झालं? मोठमोठे प्रोफेसर चिडले. आमचे हात, सभ्य गृहस्थाचे हात, घाण कसे असतील? सेमेलवाइसला नोकरी टिकवता आली नाही. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गिरणीच्या कँटीनमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो. विटाळ कुणाच्या हाताला होता बघा! जंतूला जात कळत नाही. तो विद्वानाच्या नखात बसतो, तसा पणजीच्याही नखात बसतो.

हो, पणजीच्याही. आपण आपल्या माणसांची आरती करायला बसलेलो नाही. आपल्या दायांच्या हातूनही पोरं गेली. विळ्यानं नाळ कापायची, खुरप्यानं कापायची, वर शेणाची राख नाहीतर माती लावायची. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. ते नाळेतून आत शिरतात, आणि आठवडाभरात कधीतरी पोर अंगावर ओढायचं थांबतं, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखं वाकडं होतं. खलास. याच दिवसांत पाचवी येते. म्हणून मग सटवाई आली, कपाळावर लिहून गेली, घेऊन गेली. सटवाईच्या नावावर आपण शेकडो वर्षं जी पोरं पुरली त्यातली कितीतरी एका गंजक्या विळ्यानं मारली. साबण, उकळलेलं पातं, कोरडी नाळ आणि गरोदरपणी आईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, एवढ्यानं सटवाई मेली असती. मेली, पण उशिरा. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं ते २०१५ साली.

इंग्रजाच्या काळात याचा सगळा दोष दाईच्या माथी मारून लोक मोकळे झाले. १८८५ साली डफरिन बाईसाहेबांच्या नावानं फंड निघाला, बायकांसाठी इस्पितळं झाली, ती शहरांत. १९२७ साली मेयो नावाच्या अमेरिकन बाईनं पुस्तक लिहून हिंदुस्थानी दाईला घाणेरडी ठरवलं. पुढारी तिच्यावर तुटून पडले, देशाची अब्रू गेली म्हणून. पण दाई घाणेरडी आहे तर तिला पाणी कोण देत नाही, साबणाला पैसे कोण देत नाही, शाळेत कोण बसू देत नाही, हे फारसं कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला आपली माणसं तळ्याला हात लावत होती. पाणी हा बाळंतपणाचाही प्रश्न आहे, मित्रांनो. हात धुवायला आधी पाणी लागतं.

बाबासाहेबांनी मात्र बाळंतिणीला विसरलं नाही. २८ जुलै १९२८ ला मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा ते उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. पण सरकार उचलत नाही तोवर मालकानं द्यावं, कारण मालक बायांना कामावर घेतो ते दया म्हणून नाही, त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, असा हा देशातला पहिलाच कायदा. पुढं व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतल्या बायांच्या अशाच कायद्याची दुरुस्ती पुढं आणली. त्याआधी १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तो बाबासाहेबांचाच. सभागृहानं तो पाडला. बाळंतपणं एकामागून एक लादली जातात आणि बाई त्यात झिजते, हे त्या काळात चारचौघांत बोलायला छाती लागत होती. आज आपल्याला बैठकीत 'पाळी' शब्द उच्चारता येत नाही.

मी गिरणीचा माणूस म्हणून ह्या कायद्याचा धागा शेवटपर्यंत ओढून पाहिला. १९६१ साली सबंध देशाला कायदा झाला, बारा आठवडे रजा. २०१७ साली सव्वीस आठवडे झाली. चांगलं झालं. पण धागा माझ्या आईपाशी येऊन तुटतो. ऊस तोडणारी बाई कुणाची कामगार? कारखाना म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो नवऱ्याची, कारण उचल घेतली नवऱ्यानं आणि नवराबायको मिळून एक कोयता. अर्ध्या कोयत्याला सव्वीस आठवडे कुठून? २०१७ पासून सरकार पहिल्या बाळंतपणाला टप्प्याटप्प्यानं ५००० रुपये देतं. कागद जुळले तर.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे अजून अंगावर येतात. जन्मलेल्या हजार पोरांतली १६२ वर्षाच्या आत मरत. बाळंतपणापायी वर्षाला सुमारे दोन लाख बायका. त्या समितीनं गावोगाव आरोग्य केंद्रांचा आराखडा दिला. केंद्रं झालीही. इमारती झाल्या. डॉक्टर गावात राहीना.

मग आपल्याच महाराष्ट्रात दोन ठिकाणी वेगळं घडलं.

पहिलं जामखेड. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपं ह्या दुष्काळी तालुक्यात आलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाया गावात ठेवून बघितल्या, जमलं नाही. मग गावातल्याच, पुष्कळशा अक्षरशून्य बायांना शिकवलं. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या बाया होत्या. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नाही, ती आता पोरांची वजनं घेणार, गरोदर बाई तपासणार. आरोळ्यांनी आणखी एक केलं, ते मला फार आवडतं. दुष्काळात बोअर मारायचे तर त्यांनी हातपंप बसवायच्या जागा दलित वस्तीत निघतील असं बघितलं. मग पाणी पाहिजे तर या आमच्या दारात. सत्याग्रह न करता केलेला सत्याग्रह! १९७१ च्या सुमाराला तिथं हजारी १७६ अर्भकं मरत होती, १९७६ ला ५२ वर आलं. डॉक्टर दोनच होते. फरक पडला तो बायांनी.

दुसरं गडचिरोली. अभय आणि राणी बंग तिथं १९८६ पासून. राणीताईंनी दोन गावांतल्या साडेसहाशे बाया तपासल्या, शंभरातल्या ९२ बायांना अंगातलं काही ना काही दुखणं होतं. ते १९८९ साली छापून आलं. जगानं तोवर खेड्यातल्या बाईकडं बघितलं ते तिच्या पोटातल्या पोरापुरतंच. मग त्यांनी न्यूमोनियाचं काम केलं, त्यात दायांनाही घेतलं. तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले की धोका. पण जिला मोजता येत नाही तिनं साठ कसे मोजायचे? तर एका चौकटीत मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या तारा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मला ते वाचून पणजी दिसली. तिला दहापर्यंत नक्की येत होतं.

१९९३ पासून ३९ गावांत त्यांनी आरोग्यदूत तयार केल्या, शाळेत थोडं शिकलेल्या गावातल्याच बाया. घरी बाळंतपण झालं की ती हजर. बाळ रडलं नाही तर नळीनं, मास्कनं श्वास द्यायचा. झोळीत घालून वजन करायचं. अशक्त बाळाला ऊब द्यायची, लगेच अंगावर पाजायला लावायचं. जंतूसंसर्गाची खूण दिसली तर इंजेक्शन. डॉक्टर लोक ओरडले, अडाणी बाई इंजेक्शन कशी देणार! सुरुवातीला तिथं हजारी ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती, पाच वर्षांत २५ वर आलं. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. मी त्याच साली कोपीत आलो. माझ्या आजीलाही कुणी मणी दिले नव्हते.

२००५ साली आशा आल्या. २०११ साली गडचिरोलीचीच पद्धत देशभरच्या आशांच्या हाती दिली, बाळ घरी आल्यावर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलं तर सात. त्याचे मिळून २५० रुपये. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आज महाराष्ट्रात शंभरातली नव्वदच्या वर दवाखान्यात होतात. २००१-०३ ला लाख बाळंतपणांमागं १४९ बाया मरत, २०१८-२० ला ३३. हे खोटं नाही, आणि ते कमीही नाही. जे झालं ते झालं म्हणावं. पण सरासरीत कोपी दिसत नाही. २०१९ साली सरकारी समितीनं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोडणी बायांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींनी गर्भाशय काढून टाकलेलं. पाळी आली की खाडा पडतो, बाळंतपण आलं की खाडा पडतो, मग पिशवीच काढ. मुक्तेनं विचारलं होतं फुकट औषध देणारा वैद्य कोण. वैद्य मिळाला. पैसे घेऊन पिशवी काढणारा.

आणि ह्या आशा? त्यांना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली गौरवलं. आपल्याकडं त्या २०२१ च्या जूनमध्ये संपावर होत्या, २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा. कामगार म्हणायला कुणी तयार नाही, स्वयंसेविका. सुपातलं धान्य, फक्त आता ते बँकेत येतं, तेही उशिरा. त्यांच्या मोर्चात आपले निळे झेंडे किती होते, ते ज्यानं त्यानं आठवावं.

माझी थोरली बहीण कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका गावात दिली आहे. ती तिथं आशा आहे. मागच्या हंगामात पाळी सुटल्यावर मी तिच्याकडं गेलो होतो. संध्याकाळी ती वजनकाटा आणि थर्मामीटर पिशवीत टाकून निघाली, म्हणाली, चल, वाटेत कुत्री आहेत. गावाबाहेर फडावर कोप्या. एका कोपीत सात दिवसांची बाळंतीण, आमच्याच मुलखाकडची. तिचं नाव बहिणीच्या यादीत नव्हतं, नोंद गावाकडं राहिलेली. म्हणजे ह्या भेटीचे पैसे नाहीत. बहिणीनं हात धुवायला पाणी मागितलं. बाईनं घागर पुढं केली. मग बाळाला झोळीत घातलं, काट्याला टांगलं, मी बॅटरी धरली. दोन किलो शंभर. मग घड्याळ बघत श्वास मोजले, एक्केचाळीस. नाळ कोरडी होती. बाळंतीण विचारत होती, कामावर कधी जाऊ? बहिणीनं उत्तर दिलं नाही. रजिस्टर उघडलं, यादीत रकाना नव्हता म्हणून शेवटचं कोरं पान काढलं आणि त्यावर तारीख घालून लिहिलं: कोपी, मुलगी, सातवा दिवस.